खिडकीकडची खाट

गेल्या वर्षीची १४ जुलै, सोमवार. सकाळपासून मी पुतळ्यांना आंघोळ घालत होते.

आमच्या हॉस्पिटलच्या नर्सिंग कॉलेजात, प्रात्यक्षिकाच्या खोलीत, रबराचे चार पुतळे आहेत. त्यांच्यावर मुली सलाईन लावायला, कूस बदलायला, नळी घालायला शिकतात. विरारच्या पावसाळ्यात रबराला बुरशी धरते. काखेत, मानेच्या घडीत, कानामागे. मग कोमट साबणपाण्याने पुसायचं, कोरडं करायचं, पावडर लावायची. शिपाई हे काम करत नाही, त्याला पुतळ्यांचे उघडे डोळे आवडत नाहीत. एरवी मी दोन-तीन मुलींना मदतीला घेते. त्या दिवशी कोणाला बोलावलं नाही. मुली आल्या असत्या तर काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि आदल्या शनिवारपासून आमच्यात बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी शिकवते त्या विषयाचं नाव आहे ‘गुणवत्ता आणि रुग्णसुरक्षा’. नव्या मुलींना वाटतं, हा फायलींचा विषय आहे. तपासणी यायच्या आदल्या दिवशी भिंतीवर रंगीत तक्ते लावायचे आणि तपासणी गेली की काढायचे. बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगायचं तर, आजार बरा होणं डॉक्टरच्या हातात असतं, कधी कधी कोणाच्याच हातात नसतं. पण जो माणूस तापासाठी आला त्याला आमच्यामुळे आणखी काही होऊ नये, एवढं आमच्या हातात असतं. तो पडू नये, त्याच्या पाठीला जखम होऊ नये, दुसऱ्याचं औषध त्याच्या पोटात जाऊ नये. काही घडलं नाही म्हणजे आमचं काम झालं. न घडलेल्या गोष्टीबद्दल कोणी पेढे वाटत नाही, त्यामुळे या विषयाला मान कमी.

पहिल्या वर्षाच्या मुली श्वास मोजत नाहीत. त्यांच्या तक्त्यात सगळ्यांचा श्वास मिनिटाला वीस. म्हातारीचा वीस, पैलवानाचा वीस, दम्याने तडफडणाऱ्याचाही वीसच. दोन वर्षांपूर्वी एकदा मी स्वतः प्रात्यक्षिकाच्या खाटेवर चादर घेऊन पडले आणि मुद्दाम सावकाश श्वास घेत राहिले. प्रणाली नावाची पालघरकडची एक बारीकशी मुलगी आली, नाडी पाहिली, तक्त्यात वीस लिहून मोकळी झाली.

मी उठून बसले. ‘‘बाई गं, मी मेले असते तरी तू वीसच लिहिलं असतंस!’’

वर्ग हसून लोळला. प्रणाली हसली नाही. त्यानंतर ती अशी श्वास मोजायची की पेशंट घाबरून विचारायचे, काही झालंय का?

दुसरी गोष्ट मी घोकून घेते ती नाव विचारण्याची. ‘तुम्ही अमुकबाई ना?’ असं विचारायचं नाही. ‘तुमचं नाव काय?’ असं विचारायचं. आमच्याकडची म्हातारी माणसं सिस्टरला नाही म्हणत नाहीत. कमी ऐकू येत असेल तर दोनदा हो म्हणतात. पण वॉर्डात नाव विचारणं सोपं नसतं. फुलपाड्याची दर्शना, प्रणालीच्याच वर्गातली, माझ्या तिसऱ्या वर्षाच्या चांगल्या मुलींपैकी एक, हिला एका आजोबांनी सुनावलं होतं, ‘‘रोज नाव काय, नाव काय! स्थळ बघतेस काय माझ्यासाठी?’’ वॉर्डच्या स्टाफ सिस्टरने वर आणखी ऐकवलं, ‘‘सगळ्यांची बारशी करत बसलीस तर राउंड संपेल का?’’ दर्शनाने हे वर्गात सांगितलं तेव्हाही आम्ही हसलो होतो.

हे ती सांगू शकली, कारण शनिवारचा शेवटचा तास मी त्यासाठी राखून ठेवते. या आठवड्यात आपल्या हातून काय चुकलं, किंवा चुकता चुकता राहिलं, ते सांगायचं. ऐकणारीने नाक मुरडायचं नाही. सांगणारीला ओरडा बसणार नाही, हा माझा शब्द. कोणी कानाचे थेंब डोळ्यात घालता घालता थांबलेली असायची, कोणी खाटेचा कठडा वर करायला विसरलेली. एकीच्या चुकीवरून बाकीच्या शिकायच्या. वर्षभरात तो तास इतका रंगायला लागला की घंटा झाली तरी मुली उठायच्या नाहीत.

आता त्याआधीच्या जूनची गोष्ट.

बायकांच्या वॉर्डात अकरा नंबरवर नंदाखालच्या रोझीबाई होत्या. माझ्याच गावच्या. छातीत कफ, ताप, अन्न जात नव्हतं. बाराव्या खाटेवर अर्नाळ्याच्या भिमाबाई, मासळी विकणाऱ्या. पायात काटा घुसून जखम चिघळलेली आणि साखर वाढलेली, म्हणून त्यांना रोज सकाळी नाश्त्याआधी इन्सुलिन. दोघी दोन दिवसांत मैत्रिणी झाल्या, कारण भिमाबाई वर्षानुवर्षं आमच्या गावात मासळीची पाटी घेऊन यायच्या आणि रोझीबाईंच्या सासूशी त्यांची मासळीच्या भावावरून भांडणं व्हायची, हे दोघींना आठवलं.

आमच्या भागातल्या वॉर्डांत खाटा बदलतात, हे बाहेरच्यांना माहीत नसेल. हॉस्पिटल बदलत नाही, माणसं आपापसांत बदलतात. कोणाला मोरीजवळ हवं असतं, कोणाला पंख्याखाली नको असतं, कोणाची शेजारीण निघते. गावात एकमेकींना विहिरीवर पुढे जाऊ द्यावं तसं खाट देतात. आणि हे काम चुपचाप होतं, सिस्टरला कशाला त्रास द्या म्हणून. अकरा नंबरवरचा पंखा बंद होता आणि बाराची खाट खिडकीशी होती. एका संध्याकाळी भिमाबाई म्हणाल्या, ‘‘ये गो, तू हितं ये. तुला दम लागतो. मी जल्मभर समिंदराचा वारा खाल्ला, मला काय पंख्याचं?’’ दुपारपाळीच्या कोणा मुलीने आणि रोझीबाईंच्या सुनेने मिळून दोघींचं सामान, सलाईनचा स्टँड, पाण्याचा तांब्या, सगळं इकडचं तिकडे केलं. फक्त दोघींचे कागद स्टाफच्या टेबलाजवळच्या कप्प्यात होते, अकराचे अकरात, बाराचे बारात. ते तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला दर्शना आली. त्या वॉर्डात तिचा तो दुसराच दिवस. चाळीस खाटांना दोन स्टाफ आणि चार विद्यार्थिनी असल्या की काम कसं होतं ते सांगते. सगळी इंजेक्शनं टेबलापाशी एकदम भरायची, प्रत्येक सिरिंजवर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर खाटेचा नंबर लिहायचा, सगळी ट्रेमध्ये मांडायची आणि वॉर्डभर फिरायचं. मी वर्गात शिकवते की असं करू नये. वॉर्ड मुलींना शिकवतो की असंच करावं. बाराची सिरिंज बाराच्या खाटेकडे गेली.

‘‘आजी, साखरेचं इंजेक्शन.’’

‘‘दे, बाय,’’ रोझीबाई म्हणाल्या आणि दंड पुढे केला.

नंतर त्यांनी दोन चमचे पेज घेतली आणि नको म्हणाल्या. त्यांना घाम आला तेव्हा सुनेने ताप उतरतोय म्हणून पदराने पुसला. डोळे मिटले तेव्हा म्हणाली, रात्रभर खोकत होत्या, झोपू द्या.

जेवणाआधी दर्शना बोटातून साखर तपासायला निघाली. टेबलावरच्या यादीप्रमाणे ही तपासणी बाराच्या भिमाबाईंची होती, पण या वेळी वाटेतल्या अकरा नंबरवरच्या बाईंना तिने नाव विचारलं. का, ते तिलाही सांगता आलं नाही. नाव आलं भिमाबाई. तिथेच तपासली तर साखर खूप वाढलेली.

‘‘आजी, सकाळी इंजेक्शन दिलं ना तुम्हाला?’’

‘‘मला कुटं? त्या रोझीला टोचलंस की. मी म्हटलं, तिला पन लागली काय साखर!’’

इथे ती मुलगी गप्प बसू शकत होती. भिमाबाईंना इन्सुलिन देऊन टाकलं असतं तर हिशेब जुळला असता. रोझीबाई म्हातारी, आजारी बाई, झोपेत गेली असं लिहिलं गेलं असतं. कोणी काही विचारलं नसतं. दर्शना पलीकडच्या खाटेकडे धावली, रोझीबाईंना हलवलं, आणि वॉर्डच्या मधोमध उभी राहून ओरडली, ‘‘मी चुकीच्या आजीला इन्सुलिन दिलंय! ग्लुकोज आणा!’’

स्टाफ सिस्टर धावत आली ती आधी हेच म्हणाली, ‘‘हळू बोल, माणसं ऐकतायत.’’ मग तिने ग्लुकोज दिलं, आणि चटकन दिलं, ते नाकारत नाही. रोझीबाईंनी डोळे उघडले. पण पूर्ण भानावर त्या आल्याच नाहीत. आकडी आली, आयसीयूत नेलं, छातीतला कफ वाढला. काही दिवसांनी गेल्या.

त्या दिवसांत भिमाबाई खिडकीकडच्या रिकाम्या खाटेवर कोणाला बसू देत नव्हत्या. ‘‘ती येनार हाय परत,’’ म्हणायच्या. रोझीबाई गेल्याचं त्यांना मीच सांगितलं. त्यांनी हात लांब करून शेजारच्या रिकाम्या खाटेवरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, ‘‘बाय, मी तिला वाऱ्यासाटी खाट दिली.’’

मयतीला मी गेले. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. नवरा म्हणाला होता, ‘‘सेलिन, आज नको जाऊस, लोक तुझ्याकडे बघतील.’’ बघू देत म्हटलं. रोझीबाईंचा मुलगा नेल्सन, आमच्या वाडीला लागून त्याची केळीची वाडी, बाहेर पडताना माझ्या समोरून गेला आणि त्याने मान वळवली.

नंतर मेट्रनच्या केबिनमध्ये चौकशी झाली. मेट्रन, हॉस्पिटल चालवणाऱ्या ट्रस्टचे साहेब, मी. मेट्रन आणि मी एकाच सरकारी रुग्णालयात शिकलो, ती मला दोन वर्षं पुढे. दर्शनाने घडलं तसं सांगितलं. एक शब्द वगळला नाही, एक अश्रू ढाळला नाही. खाट कोणी बदलली, असं विचारल्यावर स्टाफ सिस्टर म्हणाली, नातेवाइकांनी परस्पर. रोझीबाईंची सून म्हणाली, एक सिस्टर होती बरोबर, बारीकशी. आमच्याकडच्या निम्म्या मुली बारीकशाच आहेत. दुपारपाळीच्या मुलींना एकेक करून बोलावलं. कोणालाच काही माहीत नव्हतं.

साहेब म्हणाले, ‘‘चूक झाली, दुर्दैव. पण वॉर्डात उभं राहून ओरडायची काय गरज होती?’’

‘‘हळू बोलली असती तर ग्लुकोज उशिरा आलं असतं,’’ मी म्हटलं.

मेट्रन माझ्याकडे वळली. ‘‘सेलिन, मुलीने इंजेक्शन दिलं आणि बाई गेली. तुला तिला हार घालायचाय का?’’

‘‘हार नको. पण काढू नका. तिला काढलंत तर ती चुकली म्हणून काढली असं कोणी म्हणणार नाही. ती बोलली म्हणून काढली, असंच प्रत्येक मुलगी लक्षात ठेवेल.’’

नेल्सनलाही बोलावलं होतं. त्याने दर्शनाकडे पाहिलं नाही, मला विचारलं, ‘‘मला एवढंच सांगा, ही पोरगी उद्या दुसऱ्या कोणाच्या आईला टोचनार काय?’’

उत्तर माझ्याकडे होतं. ही आता जितकी जपून टोचेल तितकं दुसरं कोणी टोचणार नाही. पण ज्याची आई आठवड्यापूर्वी पुरली आहे त्याला हे ऐकवायचं नसतं. मी गप्प राहिले, आणि माझं गप्प राहणं साहेबांना पुरेसं झालं. दर्शनाला घरी बसवलं. नाव कायमचं कमी करायचं की नाही, ते मंगळवारी, १५ जुलैला, ट्रस्टच्या बैठकीत ठरणार होतं. ठरल्यासारखंच होतं.

जाताना ती माझ्या टेबलापाशी आली. ‘‘मॅडम, मी बोलली नसती तर?’’

‘‘तर रोझीबाई त्याच दुपारी गेल्या असत्या.’’

‘‘तरी गेल्याच ना.’’

रिक्षाची वेळ झाली म्हणून ती निघाली. मी तिला थांबवलं नाही.

मग तो शनिवार आला. मी नेहमीप्रमाणे खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, ‘‘या आठवड्यात काय चुकलं, काय चुकता चुकता राहिलं?’’ चाळीस मुली वहीकडे बघत होत्या. मी थांबले. थांबणं हेही शिकवण्याचं काम आहे, पण त्या दिवशी त्याचा उपयोग झाला नाही. शेवटी एक मुलगी उभी राहून म्हणाली, ‘‘काही नाही चुकलं, मॅडम.’’ सगळ्या म्हणाल्या, काही नाही, मॅडम. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात, भर पावसाळ्यात, आठवडाभर कोणाचंही काही चुकलं नाही. आमच्या धंद्यात यापेक्षा वाईट बातमी नसते. श्वास मिनिटाला वीस, तसंच हे.

म्हणून त्या सोमवारी मी एकटी पुतळे धूत होते. तिसऱ्या पुतळ्याची पाठ पुसत असताना दार वाजलं. प्रणाली आत आली, काही न विचारता टॉवेल घेतला आणि पुतळ्याचा ओला हात पुसायला लागली. एकेक बोट वेगळं करून.

‘‘मॅडम, खाट मी बदलली होती.’’

मी पुसत राहिले. मध्ये थांबलं की मुली गप्प होतात.

‘‘त्यांची सून एकटीच ओढत होती सगळं. मी हात लावला. स्टाफला पण सांगितलं मी. त्या ‘बरं’ बोलल्या. मग माझी पाळी संपली, मी हॉस्टेलवर गेली. कागद बदलायचे माझ्या डोक्यातच आलं नाही.’’

‘‘चौकशीत का नाही बोललीस?’’

‘‘दर्शना बोलली ना.’’ तिने पुतळ्याचा हात खाली ठेवला. ‘‘तिचं काय झालं ते बघितलं आम्ही. तुम्ही शब्द दिलेला, कोणाला ओरडा बसणार नाही. मॅडम, राग नका मानू. तुमचा शब्द तुमच्या वर्गापुरताच आहे. बाहेर तो चालत नाही.’’

राग मानण्यासारखं त्यात काही नव्हतं. खरं होतं.

‘‘मग आता का सांगतेस?’’

‘‘ती सकाळ-संध्याकाळ मला मेसेज करते. जेवलीस का, अभ्यास झाला का. मी बदलली हे तिला माहितीच नाही.’’

मी साबणाचं पाणी मोरीत ओतलं, हात धुतले. ‘‘हे बघ. उद्या साडेनऊला बैठक आहे. त्याआधी मी मेट्रनकडे जाणार आहे. तू आलीस तर दोघी आत जाऊ. नाही आलीस तर मी एकटी जाईन. खाट आमच्या मुलीने बदलली, स्टाफला सांगून बदलली, एवढं सांगेन. तुझं नाव घेणार नाही, कितीही विचारलं तरी.’’

‘‘आणि आली तर मला काढतील?’’

‘‘काढतील कदाचित. मी खोटं सांगणार नाही.’’

‘‘माझ्या बापाला काय सांगू?’’

‘‘ते मला माहीत नाही.’’

‘‘आणि दर्शनाला परत घेतील?’’

‘‘तेही माहीत नाही. ती एकटी चुकली नव्हती, एवढं तरी त्यांना ऐकावं लागेल.’’

तिने राहिलेला चौथा पुतळा माझ्याबरोबर पुसला, पावडर लावली आणि येते असंही न म्हणता गेली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात मोठा विजय वगैरे नाही. कोणाचंच नाव कमी झालं नाही. दोघींना सहा महिने मागे ठेवलं. स्टाफ सिस्टरची दुसऱ्या वॉर्डात बदली झाली. सिरिंजवर खाटेच्या नंबराबरोबर नाव लिहायचं असा कागद निघाला. तो काही वॉर्डांत पाळला जातो, काहींत भिंतीवर असतो. प्रणाली आता नोकरीला लागली आहे. दर्शना परीक्षा चांगली पास झाली, पण ती आता सुई हातात धरत नाही. डोळ्यांच्या एका दवाखान्यात काउंटरवर बसते. नेल्सन अजून माझ्याशी बोलत नाही. शनिवारच्या तासाला आता पाच-सहा मुली बोलतात, आधी पंधरा-वीस बोलायच्या.

तर त्या मंगळवारी, बैठकीच्या दिवशी, सकाळी मी नेहमीच्या आधी पोहोचले आणि मेट्रनच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसले. पाऊस होता, जिन्यात ओल्या चपलांचे ठसे होते. प्रणाली येणार नाही असं मी धरून चालले होते, आणि एकटीने काय बोलायचं ते मनात जुळवत होते. ती जिना चढून आली तेव्हा क्षणभर मी ओळखलं नाही. युनिफॉर्म नव्हता. जीन्स, कुर्ता, केस मोकळे, खांद्याला फुगलेली बॅग, हातात बादली. बादलीत मग आणि चपलांचा जोड.

‘‘हे काय?’’

‘‘रूम खाली केली, मॅडम. काढणारच ना. मग सामानासाठी परत यायला नको.’’

‘‘कोणी काढलंय तुला?’’

‘‘अजून नाही.’’

‘‘मग तू इथली विद्यार्थिनी आहेस. बादली इथे ठेव. खाली जा, युनिफॉर्म घाल, केस बांध, मग ये.’’

‘‘वेळ होईल, मॅडम. बैठक…’’

‘‘मी इथे बसलेय.’’

ती गेली. मेट्रनने एकदा दार उघडून बाहेर पाहिलं, मला पाहिलं, बादली पाहिली आणि काही न विचारता दार लावून घेतलं. प्रणाली परत आली ती धावत, केस घट्ट बांधलेले, एप्रनचा मागचा पट्टा पिळलेला. मी तो सरळ करून दिला आणि दारावर टकटक केली.